उत्तर देणारा रेडिओ

रोज सकाळी एकच निवेदक कानावर पडत असला की तो ओळखीचा वाटायला लागतो. त्याला सर्दी झाली तर आवाजावरून कळतं, तो रजेवर गेला की चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्याला मात्र आपलं नावही ठाऊक नसतं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच या एकतर्फी ओळखीवर लिहून ठेवलं आहे. एकट्या माणसाला असा आवाज सोबत करतो, यात शंका नाही. घरात दिवसभर रेडिओ चालू ठेवणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा. पण सोबत वेगळी आणि आपलेपणा वेगळा.

रॉय बाउमाइस्टर आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलं की, आपलं कुणीतरी असणं ही माणसाची मूलभूत गरज आहे. ती भागायला दोन गोष्टी लागतात. त्याच त्या माणसांशी वरचेवर, बिनकटकटीचा संपर्क. आणि हे नातं टिकणार आहे, दोघांनाही एकमेकांची काळजी आहे, ही खात्री. मोठ्या वाहिनीचा निवेदक रोज भेटतो खरा, पण आपली काळजी तो करणार कशी? गावातल्या छोट्या केंद्राचा, आठवडी बाजारात समोरून येणारा निवेदक ती करू शकतो.

रेडिओवरून अशी दुतर्फी ओळख जोडण्याचं सर्वांत धीट उदाहरण अर्जेंटिनातलं आहे. ब्युनोस आयर्सच्या बोर्दा मनोरुग्णालयात १९९१ मध्ये अल्फ्रेडो ओलिव्हेरा हा मानसशास्त्राचा तरुण विद्यार्थी टेपरेकॉर्डर घेऊन रुग्णांमध्ये बसू लागला. त्यांचं बोलणं टेप करायचं, त्यातले छोटे तुकडे एका स्थानिक केंद्रावरून ऐकवायचे, एवढंच. ऐकणाऱ्यांचे फोन आले, प्रश्न आले. ओलिव्हेराने तेही टेप केले आणि रुग्णालयात आणून ऐकवले. रुग्णांनी त्यांना उत्तरं दिली, ती पुन्हा बाहेर गेली. माझ्या मते सगळी गोम या परतीच्या टेपमध्ये आहे. ज्यांचं बोलणं एरवी फक्त केसपेपरवर ‘लक्षण’ म्हणून उतरायचं, त्यांना कुणीतरी अनोळखी माणूस म्हणत होता, तुमचं ते मला पटलं नाही, जरा नीट सांगा.

पुढे ‘ला कोलिफाता’ नावाच्या या उपक्रमाचं स्वतःचं प्रक्षेपण सुरू झालं. शनिवारी रुग्णालयाच्या आवारात माइक मांडला जातो, सध्याचे रुग्ण येतात, घरी गेलेलेही येतात. माइकसमोर बोलायचं तर पाळीची वाट पाहावी लागते, आधीच्याचं ऐकावं लागतं, न दिसणाऱ्या माणसाला समजेल असं बोलावं लागतं. हा सरावच आहे, फक्त तो उपचारासारखा वाटत नाही. आणि बाहेरचा श्रोता? मानसिक आजाराबद्दलची भीती नुसत्या माहितीपत्रकाने फारशी जात नाही, अशा माणसाशी ओळख झाली की कमी होते. ही ओळख माध्यमांतूनही होऊ शकते, असं दाखवणारं संशोधन २००० नंतर पुढे आलं आहे.

अर्थात रेडिओ जोडतो तसा तोडतोही. रवांडात १९९४ च्या वंशसंहारात रेडिओवरून द्वेष पेरला गेला. दहा वर्षांनी त्याच देशात सलोख्यावरची एक श्राव्यमालिका सुरू झाली. एलिझाबेथ पॅलक या मानसशास्त्रज्ञांनी वर्षभर काही गटांना ती मालिका आणि काहींना आरोग्यावरची मालिका ऐकवून तुलना केली. लोकांची मनातली मतं फारशी हलली नव्हती. ‘आपल्याकडे काय चालतं, काय शोभतं’ याची समजूत मात्र बदलली होती. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून डॉक्टरकडे न जाणाऱ्यांच्या आपल्या देशात हा निष्कर्ष फार कामाचा आहे.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा निकाल सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठाने १९९५ मध्ये दिला. तरी स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र काढायची परवानगी मिळायला २००६ उजाडलं. साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला चालणारं ‘माणदेशी तरंग’ हे त्यातलंच. अशा केंद्रांची प्रक्षेपणशक्ती साधारण १०० वॉट, पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. तंत्रज्ञाला ही मर्यादा वाटेल. पण एवढ्या टापूत बोलणारी बाई कुणाची कोण हे लोकांना माहीत असतं. बातम्या ऐकवायच्या तर मात्र आकाशवाणीच्याच, त्याही जशाच्या तशा. हा नियम मला अनाकलनीय वाटतो.

या केंद्रांमुळे एकटेपणा नेमका किती घटतो, हे मोजणं अवघड आहे. ऐकणारे स्वतःहून ऐकायला येतात. एकटा माणूस रेडिओ जास्त लावत असेल, तर श्रोत्यांमध्येच एकटेपणा जास्त दिसेल आणि उपाय हेच कारण वाटेल. शिवाय नैराश्य बळावलं असेल तर उपचारच हवेत. सरकारची ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ क्रमांकाची मोफत फोनसेवा २०२२ पासून आहे. तो क्रमांक जाहिरातीत ऐकणं आणि शेजारच्या वाडीतल्या बाईने माणदेशी बोलीत “मी फोन केला, गोळ्या चालू हायत, आता झोप लागती” असं सांगताना ऐकणं, यातलं काय ऐकून घरातून फोन लागेल हे छोट्या केंद्रांना सहज तपासून पाहता येईल.