नळीत चमकणारं जनुक

नळीच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी असते. तिच्यावर पाण्याचे थेंब टाकायचे, नळी काही तास उबेत ठेवायची आणि मग निळ्या प्रकाशात धरायची. आतला द्रव हिरवा चमकू लागतो! त्या भुकटीत एकही जिवंत पेशी नसते. जिवाणू फोडून त्यांच्यातली प्रथिनं बनवणारी यंत्रणा, म्हणजे रायबोसोम, एन्झाइम आणि लागणारा कच्चा माल, तेवढी गोठवून सुकवलेली असते. सोबत एका जनुकाचा डीएनए असतो. पाणी मिळताच यंत्रणा त्या डीएनएतला मजकूर वाचते आणि त्यानुसार प्रथिन घडवते. हिरवं चमकणारं प्रथिन मुळात एका जेलीफिशचं. ओसामू शिमोमुरा यांनी ते १९६२ मध्ये शोधलं आणि २००८ मध्ये त्यासाठी नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

अमेरिकेतल्या एमआयटी आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये असे संच खास शाळांसाठी तयार केले. त्यांना फ्रीज लागत नाही, महागडी उपकरणं लागत नाहीत, आणि नळी सांडली तरी तिच्यातून काही वाढत नाही. सिंथेटिक बायॉलॉजी, म्हणजे जनुकं जोडून जैविक यंत्रणांना हवं ते काम करायला लावणारं शास्त्र, लोकांपर्यंत न्यायची तर मला हीच वाट सर्वांत भरवशाची वाटते. ‘जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती’ हे वाक्य फळ्यावरून उतरवून घेतलेला विद्यार्थी ते परीक्षेनंतर विसरतो. स्वतःच्या हातातली नळी चमकताना पाहिलेला विसरत नाही.

एमआयटीच्याच विद्यार्थ्यांनी २००६ मध्ये आणखी एक सुंदर प्रयोग केला होता. ई. कोलाय जिवाणूंना एरवी दुर्गंधी येते. त्यांनी ती दुर्गंधी निर्माण न करणारा वाण घेतला आणि त्यात बाहेरची जनुकं बसवली. मग जिवाणू वाढत असताना विंटरग्रीनचा, म्हणजे दुखण्यावरच्या मलमांना येतो तसा वास येई, आणि वाढ थांबली की पिकल्या केळ्याचा! जनुक केव्हा चालू करायचं आणि केव्हा बंद, हे माणूस ठरवू शकतो, ही या शास्त्राची गाभ्याची कल्पना इथे थेट नाकाला कळते.

पण समजावून सांगणं म्हणजे लोकांकडून होकार मिळवणं नव्हे. या विषयाची ‘आयजेम’ नावाची आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धा आहे. तिथे प्रयोग जमला एवढ्यावर भागत नाही. तो कोणासाठी केला, त्यांचं म्हणणं काय आणि ते ऐकून रचनेत काय बदललं, हेही मांडावं लागतं. मला स्पर्धेचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

याच स्पर्धेत एडिंबरा विद्यापीठाच्या संघाने २००६ मध्ये पाण्यातलं आर्सेनिक हे विष ओळखणारे जिवाणू घडवले. आर्सेनिक असलं की पाण्याची आम्लता बदलते आणि ती रंग बदलणाऱ्या साध्या दर्शक-द्रव्याने कळते. कल्पना उत्तमच. तरी असं साधन वापरायचं म्हटलं की रोज विहिरीचं पाणी भरणाऱ्या माणसाच्या मनात वेगळेच प्रश्न येणार. तपासून झालेलं पाणी कुठे ओतायचं? हे जिवाणू विहिरीत गेले तर? पाणी वाईट निघालं, तर दुसरं कुठून आणायचं? पहिल्या दोन प्रश्नांमुळे साधनाची रचनाच बदलू शकते: बंद नळी हवी, की जिवंत पेशी नसलेलं मिश्रण. तिसऱ्याचं उत्तर कुठल्याच जनुकात नाही. म्हणून हे प्रश्न साधन तयार झाल्यावर नव्हे, त्याचा आराखडा कागदावर असतानाच ऐकायला हवेत.