पाणी पिळायचं, तेल टिकवायचं

ठाणे स्टेशनबाहेरच्या रसवंतीपाशी दोन मिनिटं थांबून चरक बघा. ऊस लाटांमधून जातो, रस खाली पडतो आणि चिपाड पलीकडून निघतं. ते दुमडून पुन्हा आत घालतात. लाटांच्या टोकाला, घुंगरांच्या मागे, काळं पडलेलं ग्रीस असतं. रस वाहून यायला हवा, ग्रीसने मात्र जागा सोडता कामा नये. पेपर मिलच्या प्रेस विभागात याच दोन मागण्या असतात. फरक इतकाच की तिथे रोल काही मीटर लांब असतात आणि वेग मिनिटाला शेकडो मीटर.

वाशीच्या एपीएमसीत फळांचे जे पुठ्ठ्याचे खोके दिसतात, त्यांचा कागद मशीनवर पहिल्यांदा येतो तेव्हा त्यात ९९ टक्के पाणीच असतं. जाळीवर, म्हणजे वायरवर, बरंचसं पाणी गळून जातं आणि साधारण २० टक्के घन भाग उरतो. याचा अर्थ १ किलो तंतूंबरोबर अजून ४ लिटर पाणी आहे. प्रेसमधून कागद ४० टक्क्यांवर निघाला तर त्यातलं अडीच लिटर पिळून गेलं. उरलेलं दीड लिटर ड्रायरमध्ये वाफेच्या उष्णतेने उडवायचं, आणि १ लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता लागते. प्रेसने ४० ऐवजी ४१ टक्के दिले तर किलोमागे फक्त ६० ग्रॅम पाणी कमी होतं, पण ड्रायरची वाफ जवळजवळ ४ टक्क्यांनी वाचते. मिलमध्ये त्या एका टक्क्यासाठी भांडणं होतात ती उगाच नाहीत.

कागद दोन रोलांमधून एकटा जात नाही, सोबत फेल्ट असतो. फेल्ट म्हणजे नायलॉनच्या विणीवर सुयांनी ठोकून बसवलेला जाड नमदा. दाबाने कागदातलं पाणी फेल्टमध्ये शिरतं आणि तिथून रोलच्या खाचांत किंवा भोकांत जातं. दाब सुटला की कागद स्पंजसारखा फुगतो आणि फेल्टमधलं पाणी परत ओढतो. म्हणून निपमधून, म्हणजे दोन रोल जिथे एकमेकांवर दाबतात त्या फटीतून, बाहेर पडताच दोघांना वेगळं करावं लागतं.

फेल्ट बुजला की प्रेस मेलाच. खोक्यांवरची चिकटपट्टी रद्दीबरोबर मिलमध्ये येते, तिचा डिंक लगद्यात सुटतो आणि फेल्टच्या छिद्रांत जाऊन बसतो. तो काढायला उच्च दाबाचा फवारा असतो. त्याच्या नोझलचं भोक सुमारे १ मिलिमीटरचं असतं, आणि फवारा आडवा सरकतो तो इतक्या सावकाश की फेल्टच्या एका फेरीत एका भोकाएवढंच अंतर पुढे जावं. २० मीटर लांबीचा फेल्ट मिनिटाला ४०० मीटर धावत असेल तर एक फेरी ३ सेकंदांची, म्हणजे फवाऱ्याने मिनिटाला २० मिलिमीटर सरकायचं. तो जास्त वेगाने सरकला तर मधले पट्टे धुतलेच जात नाहीत. अडकून एका जागी थांबला तर पाण्याची धार फेल्टवर रेघ कापते.

मग दाबच का वाढवू नये? कारण पाण्याला वाट शोधायला वेळ लागतो. ६०० मीटर वेगाला ३० मिलिमीटर रुंदीच्या निपमध्ये कागद असतो फक्त ३ मिलिसेकंद. तेवढ्यात जास्त रेटलं तर पाणी आडवं पळतं, तंतू सोबत नेतं आणि कागद चिरडतो. जाड क्राफ्टला, म्हणजे खोक्यांच्या तपकिरी मजबूत कागदाला, हा त्रास सगळ्यात जास्त. यावरचा उपाय अमेरिकेच्या बेलॉइट कंपनीने १९८०च्या सुमारास आणला, तो म्हणजे शू प्रेस. यात एका बाजूला रोलऐवजी खोलगट धातूचा बूट असतो. निप २५० मिलिमीटरच्या आसपास होतो आणि वेळ ३ वरून २५ मिलिसेकंदांवर जातो. मीटरमागे १०० टनांचा भार दिला तरी तो या रुंदीवर पसरतो, त्यामुळे सरासरी दाब साधारण ४० बारच राहतो.

पण बूट जागेवर स्थिर आणि कागद धावता, तर घासत कसं नाही? मध्ये पॉलियुरेथेनचा पट्टा फिरतो आणि त्याच्या आत तेल असतं. फिरता पट्टा तेलाला बुटाच्या निमुळत्या फटीत ओढत नेतो, तिथे तेलाचा दाब चढतो आणि पट्टा बुटावर तरंगतो. पट्ट्याच्या एका बाजूला पाणी पळवायचं, दुसऱ्या बाजूला तेल पळू द्यायचं नाही, आणि दोन्हींवर दाब तोच! लगद्याचा कडक गोळा निपमध्ये आला आणि पट्टा फाटला, तर तेल थेट फेल्टवर येतं. मग फेल्ट पाणी पीत नाही आणि कागदावर डाग उमटतात.

दाब सगळीकडे सारखा आहे का, हे तपासायला अजूनही कार्बन पेपर चालतो. मशीन थांबवून निपमध्ये पांढरा कागद आणि कार्बन ठेवायचा, रोल दाबायचे, उचलायचे. ठशाची पट्टी मध्ये अरुंद आणि टोकांना रुंद दिसली तर समजायचं, रोल वाकतोय आणि त्यासाठी त्याला मध्ये दिलेला फुगवटा पुरत नाही. असा रोल ग्राइंडिंगला जाईपर्यंत कागद मध्ये ओला राहतो आणि कडांना करपतो.

आता बेअरिंगकडे. ड्रायरच्या बेअरिंगच्या आतून वाफ जाते, म्हणून तिथे जाड तेल, बहुधा आयएसओ व्हीजी २२० (तेलाच्या घट्टपणाचा दर्जा), सतत फिरवतात. बेअरिंगमधला तेलाचा थर जेमतेम १ मायक्रॉनचा. त्यात पाणी शिरलं की थर तुटतो. पाणी १०० पीपीएमवरून (दहा लाख भाग तेलात १०० भाग) ४०० वर गेलं तर बेअरिंगचं आयुष्य निम्म्याखाली येऊ शकतं. गरम तव्यावर तेलाचा थेंब टाकल्यावर तडतडला तर पाणी नक्की आहे. गप्प राहिला तर मात्र खात्री नाही, कारण थोडं पाणी तव्याला कळत नाही.

ग्रीसच्या बेअरिंगची तऱ्हा उलटी, तिथे पोटभर खाऊ घालणारे हात घात करतात. बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन गुणायची, त्याला ०.००५ ने गुणायचं, की एका वेळी घालायच्या ग्रीसचे ग्रॅम मिळतात. २२२२० नंबरच्या बेअरिंगला (व्यास १८०, रुंदी ४६) ४१ ग्रॅम. ग्रीस गनचे १० स्ट्रोक स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून एका स्ट्रोकचं वजन काढून ठेवावं. जास्त भरलं तर ग्रीस आत घुसळून तापतं. आणि लिथियमच्या ग्रीसमध्ये पॉलियुरियाचं मिसळलं तर बऱ्याचदा दोन्ही पातळ होऊन गळतात.

तेलात पाणी बहुतेकदा मशीनच्याही आधी शिरतं. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या शेडबाहेर जुलैत उभा ठेवलेला तेलाचा पिंप पाहा. झाकणाच्या कडेआत पावसाचं पाणी साचतं. दुपारी पिंप तापतो आणि आतली हवा बाहेर जाते. रात्री तो थंड होतो आणि बुचाच्या आट्यांतून साचलेलं पाणी आत ओढतो. बूच घट्ट असलं तरीही. शेडमध्ये जागाच नसेल तर पिंप आडवा ठेवावा, दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी, म्हणजे ती आतून तेलाखाली राहतात.