एमसील की सायलेन्सर पेस्ट? जुन्या गाडीच्या फुटक्या पाइपाला काय लावायचं

मोंढ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "सायलेन्सर फुटलाय, काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवर एमसीलची पुडी येते. हीच मागणी स्पेअर पार्टच्या दुकानात केली तर सायलेन्सर पेस्टची डबी मिळते. दोन्ही राखाडी, दोन्ही बोटाने दाबून लावायची, दोन्ही वाळल्यावर कडक होतात. त्यामुळे "एकच की हो, कोणतंबी लावा" असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला ऐकू नका.

एमसील म्हणजे एपॉक्सी. रेझीन आणि हार्डनर एकत्र मळले की त्यांची आपसात रासायनिक क्रिया होते आणि लगदा घट्ट होतो. त्याला उष्णता लागत नाही, उलट उष्णता हीच त्याची वैरी. साध्या एपॉक्सीची ताकद 100 अंशांच्या आसपास, कधी त्याआधीच, ओसरायला लागते. पेट्रोल गाडी चढावर किंवा भरधाव असताना इंजिनातून निघणारा धूर 700-800 अंशांपर्यंत तापलेला असतो. मागे येईतो तो बराच निवतो, पण एमसीलला सोसेल इतका नाही. आधी ते मऊ पडतं, मग तपकिरी होऊन जळका वास सुटतो आणि शेवटी खपली निघून पडते. नळाला, टाकीला ते वर्षानुवर्षं टिकतं म्हणून इथेही टिकेल, हा हिशोब चुकतो.

सायलेन्सर पेस्टचा मुख्य घटक सोडियम सिलिकेट, सोबत मातीसारखी बारीक खनिज पूड. त्यातलं पाणी उडून गेलं की ती कडक होते, म्हणजे उष्णता तिला पक्कं करते. लावण्याची रीतही त्यामुळे उलटी आहे. एमसीलला जागा कोरडी ठणठणीत लागते. पेस्टसाठी गंज ब्रशने, पॉलिशपेपरने खरवडून काढायचा आणि मग धातू ओल्या फडक्याने पुसून थोडा दमट ठेवायचा. थर पातळ द्यायचा. मग इंजिन दहाएक मिनिटं नुसतं चालू ठेवून बंद करायचं आणि पेस्ट वाळू द्यायची. जाड थर थापून लगेच गाडी दामटली तर आतलं पाणी उकळून फुगे येतात, आणि त्याच फुग्यांतून पुन्हा धूर निघतो. पुरती वाळायच्या आत पाऊस लागला तर ती धुऊनही जाते.

पेस्टला उष्णता सोसते, हलणं सोसत नाही. आपल्या काळ्या मातीतल्या खचलेल्या रस्त्यांवर पाइप सारखा थरथरतो आणि नुसत्या पेस्टला चिरा जातात. म्हणून छिद्र बोटाच्या पेरापेक्षा मोठं असेल तर वरून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळा आणि दोन्ही टोकांना होज क्लिपा आवळा. पत्रा ताण घेतो, पेस्ट फट बुजवते. माझ्या मते खेड्यावरून शहरातल्या गॅरेजपर्यंत पोचायला एवढा उपाय बास आहे. इंजिनाजवळच्या जाळीदार, लवचिक तुकड्यावर मात्र यातलं काहीच टिकत नाही. तो तुकडा हलण्यासाठीच बसवलेला असतो, त्यामुळे तो बदलावाच लागतो.

आता लावायच्या आधीची एक गोष्ट. सायलेन्सरच्या डब्याला खालच्या बाजूला बहुतेक वेळा एक बारीक भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. थंडीच्या सकाळी तेच आत साचतं आणि त्या भोकातून ठिबकतं. त्याला गळती समजून बुजवू नका. बुजवलं की पाणी आतच राहतं आणि डबा आतून सडतो. कंपनीच्या भोकाची कड गोल आणि नीट असते. गंजाने पडलेल्या छिद्राची कड खरबरीत असते, भोवती काळी काजळी दिसते आणि इंजिन सुरू असताना तिथे फुसफुस ऐकू येते.

फुटलंय कुठे, हे सगळ्यात महत्त्वाचं. अगदी शेवटी, मागच्या बंपरखाली असेल तर त्रास मुख्यतः आवाजाचा. पण इंजिन आणि सीट यांच्यामध्ये कुठेही असेल तर धूर गाडीत शिरू शकतो, विशेषतः जुन्या गाडीत, जिथे कार्पेटखालचा पत्रा सडलेला असतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला टेकलेला असताना ही लक्षणं दिसली की आपल्याकडे "ऊन लागलं" म्हणून लिंबूपाणी देतात आणि काचा बंद, एसी चालू करून पुन्हा निघतात. गाडीतल्या सगळ्यांचं एकदम डोकं धरलं आणि खाली उतरल्यावर बरं वाटलं, तर उन्हाआधी सायलेन्सरवर संशय घ्या. काचा उघडा. तरीही बरं वाटत नसेल तर दवाखाना गाठा. अशा जागेच्या गळतीवर पेस्ट लावून लांबचा प्रवास करू नका, मुलंबाळं सोबत असतील तर मुळीच नाही.

काम करताना पाइप पूर्ण गार झालेला हवा आणि गाडी नुसत्या जॅकवर नको. खाली भक्कम स्टँड लावा किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या. फुटका पाइप असलेली तापलेली गाडी वाळल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी करू नका.

वेल्डरकडे गेल्यावर आधी काय लावलं होतं ते त्याला सांगा. पेस्ट असो की एमसील, ते ग्राइंडरने साफ केल्याशिवाय वेल्ड नीट धरत नाही. एमसील तर तापून घाण धूरही सोडतं. गाडीला ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) असेल तर वेल्डिंगआधी बॅटरीच्या केबल काढायला लावा.