मुलांना ध्यान शिकवण्याआधी

सुरतेचं काँग्रेस अधिवेशन उधळलं गेलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९०८ मध्ये, अरविंद घोष बडोद्यात होते. सरदार मजुमदारांच्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर ते तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलेली रीत छोटीशी होती. विचार करू नका, मनाकडे नुसतं बघा; विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्याआधीच परतवा. त्या तीन दिवसांत आपलं मन निःशब्द झालं, असं अरविंदांनीच पुढे सांगितलं.

अरविंद तेव्हा ३५ वर्षांचे होते आणि काही वर्षांचा प्राणायाम त्यांच्या गाठीशी होता. हीच अपेक्षा आठ वर्षांच्या मुलाकडून करायची, ‘मनात काही आणू नकोस’ म्हणायचं आणि ते चुळबुळलं की रागवायचं, हा त्या मुलावर अन्याय आहे. लक्ष धरून ठेवणं, उसळलेली ऊर्मी आवरणं ही कामं मुख्यतः कपाळामागचा मेंदूचा भाग सांभाळतो आणि तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. मोठ्यांचं तरी काय? हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी सुमारे सव्वादोन हजार प्रौढांना दिवसात मधूनच फोनवर विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच.

मन भटकणारच. मग सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा सराव करताना मेंदूत होतं काय? अमेरिकेत वेंडी हासेनकॅम्प यांनी ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. त्यांचा २०१२ चा अभ्यास सांगतो की मन श्वासावरून निसटतं तेव्हा मेंदूचं एक जाळं जागं असतं, ‘अरे, मी भलतीकडेच गेलो’ हे ध्यानात येतं त्या क्षणी दुसरं, आणि लक्ष परत श्वासावर आणताना तिसरं. बडोद्यातल्या प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात एकेक जोर मोजून मारतात, तसं हे निसटणं, उमगणं आणि परतणं मिळून एक जोर होतो. ज्या मुलाचं मन दहा वेळा पळालं आणि दहा वेळा परत आलं, त्याचा सराव उत्तम झाला. त्याला तसं स्पष्ट सांगा, कारण बहुतेक मुलांना आपण नापास झालो असंच वाटत असतं.

शाळेत एक पिरियड ठेवला की काम झालं, असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये ‘मायरियड’ नावाचा मोठा प्रयोग झाला. ८० हून अधिक शाळा आणि ११ ते १४ वर्षांची आठ हजारांवर मुलं त्यात होती. काही शाळांत शिक्षकांनी सजगतेचे दहा धडे दिले, बाकीच्यांत भावनांबद्दलचं नेहमीचं शिक्षण चालू राहिलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले आणि मुलांच्या मनःस्वास्थ्यात दोन्हींकडे म्हणावा असा फरक नव्हता. आधीच त्रासात असलेल्या काही मुलांना तर हे धडे मानवले नाहीत, अशीही चिन्हं दिसली. बहुतेक मुलांनी घरी सराव जवळपास केलाच नव्हता. फायदा झाला तो शिक्षकांना. त्यांचा कामाचा शिणवटा, निदान काही काळ, कमी झाला.

मला या निष्कर्षाने निराश व्हायला होत नाही. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये ‘हॅपिनेस’चा तास सुरू झाला, महाराष्ट्रात शाळांतल्या ‘मित्र उपक्रमा’तून आनापान, म्हणजे येत्याजात्या श्वासाकडे बघणं, शिकवतात, असे प्रयत्न व्हायलाच हवेत. पण वर्गात शिरणारे सर किंवा बाई स्वतः क्षणभर थांबून, एक सावकाश श्वास घेऊन बोलू लागल्या, तर ते मुलांपर्यंत दहा धड्यांहून जास्त पोचेल, असं माझं ठाम मत आहे. घरीही तेच. हातात मोबाइल धरून ‘लक्ष दे’ म्हणणाऱ्या आईबाबांचं मूल काय शिकेल?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत दिवेलागणीला ‘शुभंकरोति’ आणि रामरक्षा होत असे, काही घरांत अजून होते. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, कारण तेव्हा व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा अंमल वाढतो. इटलीतल्या बर्नार्डी यांच्या २००१ च्या अभ्यासात जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आलेला दिसला. स्तोत्र भराभर उरकण्याऐवजी एकेक ओळ एका लांब उच्छ्वासात म्हटली, तर शरीराला हीच संथ लय मिळू शकते. शेजारी आजी बसलेली असेल तर फारच छान.

लहान मुलांना डोळे मिटायला लावू नका. कमाटीबागेसारख्या मोठ्या बागेत बाकावर बसून किती वेगवेगळे आवाज येतात ते ऐकू द्या, अनवाणी चालताना तळव्यांना काय लागतं ते सांगू द्या. दम्याच्या किंवा घाबरलेल्या मुलाला श्वासाकडे बघायला लावलं की भीती वाढू शकते. त्याला पाय किंवा आवाज बरे. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर पतंगाचा मांजा बोटावर धरून ढील द्यायची की खेचायचं हे ठरवणाऱ्या मुलाचं लक्ष पाहा. ते लक्ष त्याच्याकडे आहेच. रात्री त्याला एवढंच विचारा, ‘ओढ बोटाला कशी कळली रे?’ आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

‘फार मस्ती करतोस, जा, ध्यानाला बस’ हे वाक्य मात्र घरातून कायमचं जायला हवं. शिक्षा म्हणून दिलेली शांतता मुलाला नकोशीच होणार.

आणि झोप! सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. ट्यूशन, गृहपाठ आणि पडदा यांनी ती खाल्ली असेल, तर आधी ती परत मिळवून द्या. मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, जेवत नसेल, शाळेला जायला घाबरत असेल, तर श्वासाच्या सरावावर वेळ घालवू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ या ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर आजच बोला.