मानेत चढणारा वारा

अमेरिकेतलं लोवेल हे जुनं गिरणगाव. १९८०च्या दशकात इथे हजारो कंबोडियन निर्वासित येऊन राहिले. वंशसंहारातून वाचलेली ही माणसं दवाखान्यात आली, की अनेकांची तक्रार मानेपासून सुरू होई. मान भरून येते, चक्कर येते, कानात आवाज होतो, आता शिरा फुटणार असं वाटतं. तपासणीत मात्र काही सापडत नसे.

ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या बहुसंख्य लोकांच्या समजुतीनुसार शरीरात रक्ताबरोबर वाराही वाहतो. त्याला ते 'ख्यॉल' म्हणतात. हातापायांतून तो बाहेर पडत राहिला तर बरं. वाट अडली, की तो उलटा चढतो, छातीत दाटतो, मानेतून डोक्यात शिरतो. वात कोपल्याची किंवा गॅस छातीत चढल्याची धास्ती आपल्याही घरांत असते, त्यामुळे मराठी वाचकाला हे परकं वाटणार नाही. घरगुती उपायही ठरलेला आहे: अंगाला तेल किंवा बाम लावून नाण्याने लाल वळ उठेपर्यंत घासायचं, म्हणजे वारा मोकळा होतो.

ख्मेर भाषा येणारे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हन हिंटन यांनी या झटक्यांचा माग काढला. अंथरुणातून चटकन उठल्यावर कुणालाही क्षणभर गरगरतं. ख्यॉलची भीती असलेल्याला मात्र ते गरगरणं मरणाची सूचना वाटते. भीतीने छाती धडधडते, श्वास जलद होतो आणि त्या जलद श्वासानेच गरगरणं वाढतं. भीती स्वतःला खरं ठरवत जाते. त्यातच आठवणी जाग्या होतात. ख्मेर रूज या कंबोडियन कम्युनिस्ट पक्षाच्या राजवटीत (१९७५–७९) याच माणसांनी उपाशीपोटी, खांद्यावर कावड घेऊन माती वाहिली होती. मान तेव्हाच दुखली होती, भोवळ तेव्हाच आली होती. २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत या झटक्यांची नोंद झाली.

हा त्रास किती खोल होता? कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमधल्या कंबोडियन निर्वासितांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. देश सोडून दोन दशकं उलटूनही ६२ टक्के लोकांना आघातोत्तर ताणविकार (भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार) आणि ५१ टक्क्यांना नैराश्य होतं.

पण मारहाण, उपासमार आणि हत्या मोजून हा हिशोब पुरा होत नाही. त्या राजवटीने लग्नंही लावली. वरून हुकूम यायचा. अनेक अनोळखी जोडपी एकाच वेळी उभी केली जात, हातात हात देऊन पक्षाशी निष्ठेची शपथ वदवली जाई. रात्री शरीरसंबंध आला की नाही, यावर पहारा असे. नकार देणं जिवावर बेतू शकत होतं. ख्मेर लग्नात मनगटाला दोरे बांधून आशीर्वाद देतात, पूर्वजांना नैवेद्य दाखवून नव्या जोडप्याची वार्ता देतात. यातलं काहीही झालं नाही. आईवडील नाहीत, भिक्षू नाहीत, पूर्वजांना कळवलेलं नाही. म्हणजे बळजबरीच्या जोडीला आपण निराधार झालो, वडीलधाऱ्यांच्या छत्राबाहेर पडलो, ही भीतीही त्या मुलामुलींच्या वाट्याला आली. माझ्या मते हा वेगळा, स्वतंत्र आघात आहे आणि तयार प्रश्नावलीत तो सापडणं कठीण. २०१८ साली कंबोडियातल्या विशेष न्यायालयाने जबरदस्तीची लग्नं आणि त्यांतले बलात्कार मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवले. राजवट कोसळल्यावर काही जोडपी वेगळी झाली. काहींनी मुलांसाठी संसार पुढे रेटला.

मृतांचंही तसंच. आपला पितृपक्ष असतो त्याच पंधरवड्यात कंबोडियात 'फ्चुम बेन' पाळतात, भाताचे गोळे करून पितरांना देतात. ज्यांचे आप्त विधीविना खड्ड्यांत पुरले गेले, त्यांच्या स्वप्नात ते आप्त आले, तर अर्थ एकच लागतो: त्यांना गती मिळालेली नाही.

म्हणून उपचारही इथूनच सुरू करावे लागले. हिंटन यांच्या पद्धतीत चक्कर म्हणजे मरण नव्हे, हे सावकाश पटवलं जातं. मान सैल करताना लांब देठावर वाऱ्याने डोलणारं कमळ डोळ्यांपुढे आणायला सांगतात. औषधांनी बरं न वाटलेल्या रुग्णांनाही याचा चांगला गुण आला. कंबोडियात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सोथिआरा छिम आणि त्यांचे सहकारी (छिम यांना २०२२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला) पीडितांची हकिगत लिहून काढतात. मग विहारात, भिक्षू आणि गावकऱ्यांसमोर ती वाचली जाते, आणि त्याचं पुण्य गेलेल्यांना अर्पण होतं.