‘क्लॅमिडिया आयजीजी पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमकं काय?

मूल होत नाही म्हणून नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत चकरा मारणाऱ्या बायकांच्या फाइलमध्ये थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच यांच्याबरोबर कधीकधी आणखी एक तपासणी असते : क्लॅमिडिया आयजीजी, म्हणजे क्लॅमिडिया या जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) रक्तात आहेत का, हे बघणारी. रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की घरात कुणीतरी मोबाइलवर शोधतं, ‘लैंगिक संसर्ग’ हे शब्द सापडतात आणि त्या बाईचं जगणं अवघड होतं. हे थांबायला हवं, कारण संसर्ग कधी आणि कुणाकडून आला, हे ही तपासणी मुळात सांगतच नाही.

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जिवाणू शरीराच्या पेशींत शिरूनच वाढतो. दोन-तीन दिवसांत पेशी फुटते आणि नवे जिवाणू शेजारच्या पेशींत घुसतात. बहुतेक बायकांना याचा पत्ताही लागत नाही. ना ताप, ना वेदना; अंगावरून थोडं पांढरं गेलं तरी ते ‘उष्णतेचं’ म्हणून सोडून दिलं जातं. काहींमध्ये संसर्ग गर्भाशयातून वर गर्भनलिकांपर्यंत चढतो. तिथलं बरंचसं नुकसान जिवाणूपेक्षा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारामुळे होतं : सूज, मग व्रण, मग चिकटलेल्या नळ्या. गर्भाशयाजवळ या नळीची पोकळी जेमतेम एक मिलिमीटर असते, आत बीजाला पुढे सरकवणारे सूक्ष्म केस असतात. ते गेले की नळी उघडी असूनही कामाची राहत नाही.

रक्ततपासणीत जिवाणू शोधला जात नाही. प्लास्टिकच्या ताटलीत 96 छोटे खळगे असतात, त्यांच्या तळाला जिवाणूची प्रथिनं चिकटवलेली असतात. त्यात रक्तातला पातळ केलेला द्रव घालतात, धुतात, मग रंग आणणारी रसायनं टाकतात. रक्तात प्रतिपिंडं असतील तर खळगा निळा होतो, आम्ल टाकल्यावर पिवळा. जितका गडद, तितकी प्रतिपिंडं जास्त.

2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा कितीतरी घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ उरली. आयजीजी म्हणजे तशी रेघ. पाणी येऊन गेलं एवढं कळतं. आता घरात पाणी आहे का, पाया खचला का, हे नाही. रेघ जितकी वर, तितकी नुकसानीची शक्यता जास्त, एवढाच अंदाज. आणि पाणी कोणत्या दिवशी, कुठून आलं, हे रेघ सांगत नाही. संसर्ग लग्नाआधीचा की नंतरचा, नवऱ्याकडून आला की नाही, हे या आकड्यावरून कुणालाही ठरवता येत नाही.

त्यात आणखी एक घोळ आहे. क्लॅमिडिया न्यूमोनिए हा याचाच भाऊबंद खोकला-न्यूमोनिया देतो आणि तो फार सर्रास आढळतो. काही किट्समध्ये त्याच्या प्रतिपिंडांमुळेही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो.

मग तपासणी करायचीच कशाला? नळ्या कधी तपासायच्या, ते ठरवायला. नेदरलँड्ससारख्या देशात यासाठीच ती वापरली जाते : निगेटिव्ह असेल आणि दुसरी शंका नसेल तर दुर्बिणीची तपासणी थोडी पुढे ढकलता येते, पॉझिटिव्ह असेल तर नळ्या लवकर बघायच्या. आधी एचएसजी, म्हणजे डाय टाकून काढलेला एक्स-रे. गरज पडली तर लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटातून दुर्बीण घालून केलेली तपासणी. आपल्याकडे मात्र निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून राहणं मला धोक्याचं वाटतं, कारण भारतात जननमार्गाचा क्षयरोग हे नळ्या बंद होण्याचं मोठं कारण आहे आणि तो या तपासणीत दिसणारच नाही. एंडोमेट्रिओसिसही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) नाही.

आयजीजी पॉझिटिव्ह म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स घेत राहणं आणि आकडा उतरला का हे पुन्हा पुन्हा बघणं यात पैसा वाया जातो. उपचारानंतरही ही प्रतिपिंडं वर्षानुवर्षं राहू शकतात. संसर्ग आत्ता आहे का, हे लघवीच्या किंवा योनिमार्गातल्या स्वॅबच्या पीसीआरवरून, म्हणजे जिवाणूची जनुकंच शोधणाऱ्या तपासणीवरून कळतं. ती पॉझिटिव्ह आली तर औषध नवरा-बायको दोघांनाही लागतं, बहुधा सात दिवस डॉक्सिसायक्लिन, आणि तेवढे दिवस संबंध टाळायचे. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते डॉक्सिसायक्लिनऐवजी अझिथ्रोमायसिन देतील.