तेरचं विटांचं देऊळ: मराठवाड्यातल्या सर्वांत जुन्या बांधकामाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातली सर्वांत जुनी वास्तू कोणती, असं विचारलं की बोट आधी अजिंठ्याकडे जातं. नुसतं वय मोजायचं तर ते बरोबरच आहे. अजिंठ्याचं दहावं लेणं आणि कन्नडजवळची पितळखोऱ्याची लेणी इसवी सनाच्याही आधीची आहेत. पण लेणं बांधत नाहीत, खोदतात. डोंगराच्या पोटातून नको तो दगड काढून टाकायचा आणि उरेल ती जागा वापरायची. त्याला पाया लागत नाही, छताचा भार भिंतींवर तोलावा लागत नाही. वीट, चुना, लाकूड रचून माणसांनी जमिनीवर उभं केलेलं आणि छपरासकट शाबूत असलेलं सर्वांत जुनं बांधकाम पाहायचं तर धाराशिव जिल्ह्यात तेरला जावं लागतं. अजिंठा-वेरूळला जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

देशभरात हीच तफावत दिसते. बिहारमधली बराबरची लेणी अशोकाच्या काळातली. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा विटांचा गाभाही त्याच काळातला, पण स्तूप भरीव असतो, त्याच्या आत शिरता येत नाही. आत शिरून उभं राहता येईल अशा, डोक्यावर छप्पर टिकलेल्या बांधीव इमारती म्हटल्या की आपण एकदम गुप्तकाळाच्या आसपास येतो: सांचीचं सतरा क्रमांकाचं मंदिर, कानपूरकडचं भितरगावचं विटांचं मंदिर. मधल्या काळातली बांधकामं बहुतेक लाकडाची होती आणि ती गेली.

ती कशी होती याचा पुरावा मात्र लेण्यांतच आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याच्या दगडी छताला आतून लाकडी फासळ्या बसवल्या होत्या. छताला त्यांची काहीच गरज नव्हती, पण चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचं बौद्ध दालन, म्हटलं की लाकडी कमानींचं छप्पर हे कारागिरांच्या डोळ्यांत इतकं बसलेलं होतं. पितळखोऱ्याच्या खांबांवर पैठणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांपैकी एक मितदेव, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. खांब त्याच्या कुळाने दिलेला. तिथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर तर ती घडवणाऱ्याचंच नाव आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पैठणकराने डोंगरात दिलेला खांब आजही आपल्याला हात लावून पाहता येतो, पण तो ज्या घरात राहिला त्याची एक भिंतही पैठणात उभी नाही.

तेरचं प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात गुजरातेतल्या भडोच बंदराहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तगर आणखी दहा दिवसांवर असल्याचं लिहिलं आहे. तगरहून जाडंभरडं आणि तलम असं दोन्ही प्रकारचं कापड गाड्यांतून बंदरावर जायचं. पुढे कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत राहिले. तरीही हे तगर नेमकं कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर, कुणी धारूर. 1901 मध्ये शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरच असं दाखवून दिलं आणि त्यानंतर लगेच हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्यातर्फे गावाची पाहणी केली.

कझिन्स यांच्या नजरेत भरलं ते त्रिविक्रमाचं देऊळ. समोरून पाहिलं तर ते साधंच वाटतं, कारण पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला आहे. बाजूने फिरत मागे गेलं की खरी गोष्ट कळते. मागची भिंत कोपरा न करता अर्धगोल वळते आणि वरचं विटांचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार उतरतं. मंडपावर डोकावणाऱ्या दर्शनी भागात चैत्याची कमान आहे. म्हणजे डोंगरातल्या चैत्यगृहाचाच आराखडा, पण इथे तो उघड्यावर, विटांत बांधलेला. आंध्रातल्या चेजर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर याच घराण्यातलं. तेरची ही इमारत मुळात बौद्ध चैत्य असावी, असं कझिन्स यांचं मत होतं आणि बहुतेकांनी ते मानलं. काळाबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही: काहीजण ती सातवाहनांच्या काळापर्यंत मागे नेतात, काहीजण पाचव्या-सहाव्या शतकात ठेवतात. अलीकडची तारीख धरली तरी यादवांच्या हेमाडपंती देवळांपेक्षा ती निदान पाचशे वर्षांनी जुनी ठरते.

ती वाचली कशी? माझ्या मते, ती कधी ओस पडली नाही म्हणून. स्तूपाच्या जागी बळीच्या कथेतला, पाय उचललेला त्रिविक्रम आला आणि दिवाबत्ती चालू राहिली. पूजेत असलेल्या भिंतीची वीट कुणी काढून नेत नाही. गळती लागली तर गिलावा होतो, छपरावर पिंपळ रुजला तर कुणीतरी तो उपटतो. पूजा बंद पडलेल्या वास्तूंच्या नशिबी हे नव्हतं. तेरमध्येच 1960 च्या दशकातल्या उत्खननात विटांच्या मोठ्या स्तूपाचा पाया मिळाला, चाकासारखा, आऱ्यांचा. त्याच्यावर मात्र काही उरलं नव्हतं.

बाकीचं तगर कुठे गेलं, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. जुन्या वस्तीच्या टेकाडाची पांढरी माती माळवदावर टाकायला उत्तम, पाणी मुरू देत नाही, शेतालाही चांगली. पिढ्यानपिढ्या लोकांनी ती उकरून नेली. आयत्या मिळालेल्या विटाही घरांच्या भिंतींत गेल्या. त्यात त्यांचा दोष काय? घर शाकारायला दुसरं काही परवडत नव्हतं. पण त्या मातीबरोबर मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येत, आणि पावसाळ्यात टेकाडांच्या उतारावर आपोआपही उघडे पडत. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते वर्षानुवर्षं गोळा केलं. हस्तिदंती मूर्ती आणि रोमन व्यापाराच्या खुणा सांगणाऱ्या वस्तूही त्यात आहेत. त्या संग्रहातूनच गावातलं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं.

त्या संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट ठेवलेली आहे. उत्तरेश्वर हे तेरमधलं दुसरं जुनं विटांचं देऊळ. मराठवाड्याच्या उन्हापावसात आणि वाळवीत इतकं जुनं लाकूड टिकणं दुर्मीळ. लेण्यांतल्या दगडी दारांवर जी वेलबुट्टी आणि ज्या आकृती दिसतात, त्यांच्यामागची सुताराची छिन्नी इथे प्रत्यक्ष पाहायला मिळते. तेरला जाणाऱ्याने आधी ही चौकट पाहावी, मग त्रिविक्रमाला प्रदक्षिणा घालावी.